बॉट चुकतो ते माहिती नाही म्हणून की हिशोब कच्चा म्हणून? प्रॉम्प्ट, रॅग आणि फाइन-ट्यूनिंग: सुरुवात करणाऱ्यांसाठी तुलना

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना मराठीत सल्ला देणारा चॅटबॉट उभा करायचा, तर एक संध्याकाळ पुरते. तयार भाषा-मॉडेलची एपीआय (आपल्या प्रोग्रॅममधून मॉडेलला प्रश्न विचारायची सोय) घ्यायची, टेलिग्रामला जोडायची, झालं. दुसऱ्या दिवशी तो अस्खलित मराठीत चुकीची उत्तरं देऊ लागतो आणि मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतं फाइन-ट्यून कर (मॉडेलला आपल्या उदाहरणांवर आणखी शिकव), कोणी रॅग लाव म्हणतं (प्रश्नाशी जुळणारा मजकूर शोधून मॉडेलपुढे ठेव), तर कोणी सरळ महागडं मॉडेल घ्यायला सांगतं. हे तीन उपाय तीन वेगळ्या दुखण्यांवरचे आहेत, त्यामुळे निवडण्याआधी दुखणं ओळखावं लागतं.

आधी निदान

संत्र्यावरचा डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग घ्या. खोडाला लावायच्या बोर्डो मलमाचं प्रमाण १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. फवारणीच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाला तेवढंच मोरचूद आणि चुना, पण पाणी १०० लिटर. बॉटने मलमासाठी १०० लिटर सांगितलं, तर त्याच्याकडे माहितीच नाही किंवा त्याने ती दुसरीकडून उचलली. प्रमाण बरोबर सांगून १५ लिटरच्या पंपाला दीड किलो मोरचूद सांगितलं, तर माहिती आहे, हिशोब चुकला. (खरं उत्तर १५० ग्रॅम मोरचूद, १५० ग्रॅम चुना.)

तपासायची रीत सोपी आहे. चुकलेला प्रश्न घ्या, ज्या परिच्छेदात उत्तर आहे तो हाताने प्रश्नाच्या वर चिकटवा आणि पुन्हा विचारा. उत्तर सुधारलं तर दोष माहिती पोहोचवण्यात आहे. तरीही चुकलं तर दोष विचारात, म्हणजे हिशोबात.

यासाठी ५० प्रश्नांची यादी करा आणि ते लोक विचारतात तसेच लिहा: ‘संत्र्याले डिंक्या झाला, खोडाले काय लावू?’ काही रोमन लिपीत टाइप केलेलेही हवेत, कारण फोनवर बरेच लोक तसंच लिहितात. दहा प्रश्न असे ठेवा ज्यांचं उत्तर तुमच्या कागदपत्रांत नाहीच. तिथे ‘माझ्याकडे ही माहिती नाही’ हेच बरोबर उत्तर. प्रत्येक चुकीपुढे ‘मा’ (माहिती) किंवा ‘हि’ (हिशोब) लिहा. पुढचा सगळा निर्णय या दोन अक्षरांवर होतो. ही यादी न करता फाइन-ट्यूनिंगचे व्हिडिओ बघत बसणारे आठवडे घालवतात आणि शेवटी बॉट सुधारला की बिघडला हेही सांगू शकत नाहीत.

‘हि’ जास्त असतील तर

इथे प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला दिलेल्या लेखी सूचना, सगळ्यात स्वस्त. प्रश्नातले आकडे आणि एककं आधी लिही, मग सूत्र, मग उत्तर, असा क्रम द्या आणि सोडवलेली दोन-तीन उदाहरणं जोडा. पायऱ्या लिहायला लावल्या की मोठी मॉडेलं गणितात सुधारतात, हे २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवलं. आजची ‘रीझनिंग’ मॉडेलं मात्र हे आतल्या आत करतातच. त्यांना ‘टप्प्याटप्प्याने विचार कर’ सांगून फारसं हाती लागत नाही. नियमांची यादी चाळीसवर नेऊ नका. त्यातले दोन एकमेकांना छेद देतात आणि मॉडेल कुठला पाळेल याचा भरवसा राहत नाही.

पण डोसचा हिशोब मॉडेलकडे सोपवूच नये, असं आमचं स्पष्ट मत. एक छोटं पायथन फंक्शन लिहा: ग्रॅम = लिटर × टक्के × १०. मॉडेलने प्रश्नातून फक्त ‘१५’ आणि ‘१’ हे आकडे काढून द्यायचे, गुणाकार फंक्शनने करायचा. ६ × ६ मीटरवर दोन एकरांत किती झाडं बसतील (८,०९४ चौरस मीटर भागिले ३६, म्हणजे साधारण २२५), यालाही तेच. अशी पाच-सहा फंक्शनं लिहिली की ‘हि’ची बरीच मोठी रांग पुसली जाते. मोठ्या मॉडेलवर एकदा तीच ५० प्रश्नांची यादी चालवून बघायला हरकत नाही. उरलेले ‘हि’ गेले तर पैसे मोजा.

‘मा’ जास्त असतील तर

सगळा मजकूर मिळून पंधरा-वीस पानं असेल, तर रॅगच्या भानगडीत पडू नका. सगळाच्या सगळा प्रॉम्प्टमध्ये टाका. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या बारीक तुकड्यांत वाचतं ते) लागतात, म्हणून प्रत्येक प्रश्नाचं बिल वाढेल, पण शोधात चुकायची शक्यता शून्य.

शेकडो पानं असतील तर रॅगला पर्याय नाही: मजकुराचे तुकडे करायचे, प्रश्नाशी जुळणारे चार-पाच शोधायचे आणि तेवढेच मॉडेलपुढे ठेवायचे. इथे मराठीत पहिली ठेच पीडीएफला लागते. कृती देव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधली पुस्तिका वाचायला नीट दिसते, पण मजकूर कॉपी केला की निव्वळ कचरा येतो. ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागते. स्कॅन केलेली पानं ३०० डीपीआयवर टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी मॉडेलमधून काढा आणि आकडे डोळ्यांनी मूळ पानाशी पडताळा. एक अंक चुकला की डोस चुकतो.

तुकडा २००-२५० शब्दांचा, शेजारच्या तुकड्याशी ३०-४० शब्द सामाईक. जुळणारे तुकडे शोधायला एम्बेडिंग मॉडेल लागतं, ते मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत बदलतं. त्यातलं मल्टिलिंग्वल-ई५ हे ५१२ टोकनच वाचतं. त्यापुढचा मजकूर बहुतेक वेळा काही न सांगता छाटला जातो. त्याला प्रश्नाआधी ‘क्वेरी’ आणि मजकुराआधी ‘पॅसेज’ हे शब्द इंग्रजीत जोडावे लागतात, ते विसरलं तर शोध ढिला पडतो. बीजीई-एम३ या दुसऱ्या एम्बेडिंग मॉडेलला ८,१९२ टोकन चालतात, पण म्हणून तुकडे मोठे करू नका. चार विषय एका तुकड्यात आले की तो कशाशीच नीट जुळत नाही.

प्रत्येक तुकड्यावर शीर्षक परत लिहा. ‘१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी’ ही ओळ ‘फवारणी’ या शीर्षकापासून तुटली, की मलमाच्या प्रश्नाला बॉट तीच देतो. वर सांगितलेली १०० लिटरची चूक बहुतेक वेळा इथून येते. बहाराचंही (झाडाला फुलं धरण्याचा हंगाम) तसंच. अंबिया बहाराचा ताण, म्हणजे पाणी तोडणं, हिवाळ्यात, मृग बहाराचा उन्हाळ्यात. तुकड्याला बहाराची खूण नसेल तर बॉट एकाचा सल्ला दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. आणि प्रश्नात बहार सांगितलेला नसेल, तर त्याने आधी तो विचारायला हवा. ही ओळ प्रॉम्प्टमध्ये घाला.

शब्दांची जुळणीही करून घ्या. ‘अॅ’ आणि ‘ॲ’ दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे; बुरशीनाशकाचं नाव मॅन्कोझेब आणि मँकोझेब असं दोन्ही लिहिलं जातं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, डिंक्या म्हणजे फायटोप्थोराचा रोग, अशी शंभरेक ओळींची यादी करून शब्दशोध आणि एम्बेडिंग दोन्ही एकत्र चालवा. नवं एम्बेडिंग मॉडेल शोधण्यापेक्षा या यादीचा फायदा जास्त होतो. डेटाबेसची मात्र घाई नको. ३,००० तुकडे, प्रत्येकी १,०२४ आकडे, आकड्याला ४ बाइट: जेमतेम १२ एमबी. पायथनच्या साध्या नमपाय ॲरेमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) मावतं.

मोजताना आधी एवढंच बघा की योग्य तुकडा पहिल्या पाचांत आला का. आला नसेल तर प्रॉम्प्टला हात लावून उपयोग नाही.

फाइन-ट्यूनिंग

सगळ्यात जास्त आकर्षण याचंच, आणि नवख्याला गरज सगळ्यात कमी. लोरा (२०२१) आणि क्यूलोरा (२०२३) या मॉडेलला जोडलेला छोटा भागच शिकवायच्या पद्धती आल्यापासून ते आवाक्यात आहे हे खरं. ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४-बिटमध्ये (आतले आकडे कमी जागेत साठवून) साधारण ४ जीबीत बसतं, १६ जीबीच्या टी४ ग्राफिक्स कार्डवर ट्रेनिंग चालतं. रँक (जोडलेल्या भागाचा आकार) १६, लर्निंग रेट (शिकण्याचं पाऊल केवढं) ०.०००२, दोन-तीन इपॉक (सगळ्या उदाहरणांवरून एक फेरी म्हणजे एक इपॉक), पाचशे तरी प्रश्नोत्तरं, इथून सुरुवात करतात.

पण त्यातून मिळतं ते वळण: उत्तराचा साचा, वऱ्हाडी प्रश्नाची समज, नकार द्यायची सवय. डोस आणि तारखा पक्क्या बसत नाहीत. उलट पाचशे ठाम उत्तरं वाचून मॉडेल ठामपणा शिकतं आणि जे माहीत नाही तेही छातीठोकपणे सांगतं. शिफारस बदलली की पुन्हा ट्रेनिंग. रॅगमध्ये एक फाइल बदलली की काम संपतं. खरा खर्च कार्डाचा नाहीच, पाचशे उत्तरं तपासून देणाऱ्या जाणकाराच्या वेळेचा आहे. व्हॅलिडेशन लॉस (ट्रेनिंगबाहेर ठेवलेल्या प्रश्नांवरच्या चुकीचं माप) दुसऱ्या इपॉकनंतर चढू लागला तर थांबा, मॉडेल घोकंपट्टी करतंय. आणि बॉट उत्तर संपवून पुढचा प्रश्नही स्वतःच विचारू लागला, तर आधी चॅट टेम्प्लेट (प्रश्न आणि उत्तर कुठे सुरू होतं, कुठे संपतं हे मॉडेलला दाखवणारा साचा) तपासा.

कोणी काय निवडावं

कृषी सेवा केंद्राच्या दहा-पंधरा पानी माहितीपत्रकाला प्रॉम्प्ट आणि दोन फंक्शनं पुरेत. संत्र्याच्या पूर्ण सल्लागार बॉटला रॅग आणि फंक्शनं. कॉलेजच्या प्रोजेक्टला लोरा जरूर करून बघा, पण त्याच ५० प्रश्नांवर रॅगशेजारी ठेवून. बॉट खऱ्या शेतकऱ्यांच्या हाती द्यायचा असेल, तर औषधाच्या प्रत्येक उत्तराखाली पुस्तिकेचं नाव, पान आणि वर्ष दिसू द्या. जिथे तुकडा सापडला नाही तिथे त्याने प्रमाण न सांगता जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा नागपूरला अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे पाठवावं.