आईचा जुना लॅपटॉप, मिंट एक्सएफसीई आणि सात महिने

आधीच सांगतो, लॅपटॉप माझा नाही, आईचा आहे. ती मिरजेला असते, मी पुण्यात. ती बचत गटाची सचिव, त्यामुळे महिन्याची मीटिंग, इतिवृत्त, कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, हजेरी असं सगळं त्यावर चालतं, आणि उरलेल्या वेळात यूट्यूबवर कीर्तन. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, रॅम ४ जीबी, बॅटरी कधीच गेलेली म्हणजे कायम चार्जर लावूनच. विंडोज १० वर चालू व्हायला चार-पाच मिनिटं घ्यायचा, ती बटण दाबून चहा ठेवायला जायची ही अतिशयोक्ती नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, वाढीव अपडेटची सोय होती वर्षभर, पण त्यानंतर काय, कारण विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि आपली गाडी दुसऱ्या पिढीवरच. दिवाळीत घरी गेलो तेव्हा दीड हजाराच्या आसपास २४० जीबीची एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घेऊन गेलो आणि लिनक्स मिंट २२.२, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, तिची एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती टाकली. (मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं, हिचं झारा. आईला हे आवडलं.) मिंटमध्ये सिनॅमन हा दुसरा डेस्कटॉप जास्त देखणा आहे पण ४ जीबीला एक्सएफसीईच बरं, आणि सपोर्ट २०२९ पर्यंत आहे.

वायफाय आधी दिसेनाच. मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाईलचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने स्वतःच ड्रायव्हर सुचवला, रीस्टार्ट, झालं. ही टेदरिंगची युक्ती लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच तासाला लोक कंटाळून परत विंडोज टाकतात.

स्पीडचं म्हणाल तर आता अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढे-मागे डेस्कटॉप येतो, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं आहे, नुसतं मिंट टाकून जुन्याच हार्डडिस्कवर चालवलं असतं तर एवढा फरक पडला नसता. रॅमचं श्रेय मात्र मिंटचंच. चालू झाल्यावर ८००-९०० एमबी खातं, फायरफॉक्समध्ये व्हॉट्सॲप वेब आणि यूट्यूब उघडलं की पावणेतीन जीबीपर्यंत जातं, त्याच्यावर पाच-सहा टॅब उघडल्या की मग अडखळतं. यूट्यूब सुरुवातीला फार अडकायचं. कारण असं की यूट्यूब आपल्याला व्हीपी-नाइन नावाच्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ देतं आणि इतक्या जुन्या ग्राफिक्सला हार्डवेअरमधून ते खोलता येत नाही, एच.२६४ हा जुना फॉरमॅट येतो, त्यामुळे सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर. एच.२६४ च मागणारं एक छोटं एक्स्टेन्शन टाकलं आणि फॅनचा घरघराट जवळपास बंद.

आता दिसण्याबद्दल, कारण लोक "विंडोजसारखं दिसतं का" हेच पहिलं विचारतात. दिसतं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, फाइल दोनदा क्लिक की उघडते. आईने एमएस-सीआयटी केलंय त्यामुळे तिला कोपऱ्यातलं बटण माहिती आहे, तिला काहीच शिकवावं लागलं नाही. पहिल्या आठवड्यात मैत्रिणीला फोनवर सांगताना ऐकलं, "नवीन विंडोज टाकलंय गं लेकाने, एकदम पळतंय." मी दुरुस्त केलं नाही. तिथे चुकलो.

डिसेंबरात कोणीतरी बचत गटाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर दिलं, एक्सई फाइल, म्हणजे विंडोजसाठीची. ही आपली दोनदा क्लिक करतेय, काहीतरी आर्काइव्हचा एरर येतोय, हिला वाटलं पेनड्राइव्ह खराब, परत गेली, त्याने दुसरा दिला, तोही तसाच. शेवटी मला फोन, "अरे, हा माणूस मला दोनदा बिघडलेला पेनड्राइव्ह देतोय." तेव्हा समजावून सांगावं लागलं की हे विंडोज नाहीच. चिडली माझ्यावर, बरोबरच होतं तिचं. म्हणजे ओळखीचं दिसतं म्हणून माणूस लगेच रुळतो आणि त्याच कारणाने नंतर फसतो पण. तुम्ही घरच्यांना मिंट टाकून देणार असाल तर पहिल्याच दिवशी नाव सांगा.

मराठी टायपिंग हा माझ्या दृष्टीने खरा मुद्दा. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची तिला सवय, त्यासाठी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं एमसेव्हन्टीन-एन टाकावं लागलं, मग कोपऱ्यातून भाषा बदलता येते. सोपं शिकली पटकन, पण "दुसऱ्या", "तिसऱ्या" मधला तो ऱ काढताना आम्ही दोघांनीही फोनवर हात टेकले. आता ती काय करते, मोबाईलवर बोलून टाइप करते, स्वतःलाच व्हॉट्सॲप करते आणि लॅपटॉपवर कॉपी-पेस्ट. इतिवृत्त असं तयार होतं.

जुन्या फाइल्सची वेगळीच गंमत. काही इतिवृत्तं आधीच्या सचिवांनी युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेली, ती उघडल्यावर नुसती चिन्हांची खिचडी. जुनी हार्डडिस्क केसिंगमध्ये घालून विंडोजच्या फोल्डरमधून तो फॉन्ट शोधला, मिंटमध्ये टाकला, सगळं जसंच्या तसं वाचता आलं. त्यामुळे जुनी डिस्क फॉरमॅट करायची घाई करू नका. लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिसच्या जागी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) वर्डचे तक्ते उघडतात, फक्त विंडोजचा मंगल फॉन्ट नसल्याने ओळी थोड्या उंच होतात आणि एका पानावरची हजेरी दोन पानांवर जाते. फॉन्ट बदलला, ओळींची उंची कमी केली, मिटलं.

प्रिंटर नाही मिटला. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तसलाच जुना छोटा लेझर आहे आमच्याकडे, त्याचा ड्रायव्हर इथे धड चालेना. कोणीतरी स्वतः बनवलेला ड्रायव्हर मिळाला, तो एनीडेस्कवरून, म्हणजे पुण्यातूनच तिची स्क्रीन चालवत, टाकत बसलो रात्री बारापर्यंत, एक पान छापलं आणि दुसऱ्यावर मेलं, वर प्रिंटची सगळी सेटिंगच बिघडली. इथे टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिम आधीच्या स्थितीला नेणारं साधन, कामी आलं, सकाळचा स्नॅपशॉट होता, मागे गेलो, आणि ते डीफॉल्टला आपल्या फाइल्सच्या होम फोल्डरला हात लावत नाही त्यामुळे आईच्या फाइल्स होत्या तशाच. तेव्हापासून ती पीडीएफ मोबाईलवर घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. नवीन प्रिंटर घ्यायचाय, यावेळी ड्रायव्हरशिवाय चालणारा आहे का ते विचारूनच घेणार.

अपडेटचा त्रास शून्य. एक छोटी ढाल दिसते कोपऱ्यात, मी महिन्यातून एकदा पुण्यातून करून टाकतो, ऐन मीटिंगच्या वेळी "रीस्टार्ट होत आहे" वगैरे प्रकार नाही.

ज्यांना टॅली लागतं किंवा सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावावा लागतो त्यांनी मात्र घाई नको, घरात एक विंडोज मशीन असू द्या.

आता मावशी मागे लागलीय, तिच्याकडे इंटेलच्या ॲटम या कमी ताकदीच्या प्रोसेसरचा ३२ बिटचा नेटबुक आहे, १ जीबी रॅम. त्यावर मिंटची ही आवृत्ती चढणारच नाही, ती ६४ बिट मागते, आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेसुद्धा १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचं इन्स्टॉलेशन बंद केलंय. डेबियन १२ वर बनलेलं क्यूफोरओएस नावाचं लिनक्स ट्रिनिटी डेस्कटॉपसकट टाकून बघणार आहे, दिसतं अगदी एक्सपीसारखं. मावशीला पहिल्याच दिवशी सांगितलंय, हे विंडोज नाही. ती म्हणाली, "मग तुझ्या आईला चांगलं टाकलंस आणि मला का हे?"