ट्रेंचब्रूम: काही महिने क्वेकचे नकाशे बनवल्यानंतर

गेले काही महिने क्वेक या शूटर गेमचे नकाशे, म्हणजे खेळायच्या लेव्हल, मी फक्त ट्रेंचब्रूम या एडिटरमध्ये बनवतोय. त्याआधी रेडियंट घराण्यातले एडिटर वापरले होते, त्यामुळे वरून, समोरून आणि बाजूने दिसणाऱ्या सपाट चौकटींत भिंती आखायची सवय हाताला पक्की झाली होती. ती लवकरच सुटली. इथे थेट त्रिमितीय दृश्यात ब्रश (भिंती, जमीन घडवायचा भरीव ठोकळा) ओढायचा, शिफ्ट दाबून त्याची एक बाजू धरायची आणि हवी तेवढी खेचायची. खोली डोळ्यांसमोर वाढते, त्यामुळे छत बुटकं वाटतंय का हे तिथल्या तिथे कळतं.

शूटर गेममध्ये हे फार महत्त्वाचं आहे. क्वेकमधला खेळाडू ३२ युनिट रुंद आणि ५६ उंच असतो, आणि १८ युनिटांपेक्षा उंच पायरी त्याला उडी मारल्याशिवाय चढता येत नाही. त्यामुळे १६ युनिटांच्या ग्रिडवर (आखणीच्या चौकटींवर) काम केलं की जिने आपोआप चालण्याजोगे होतात. क्वेकला प्रत्येक ब्रश बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत खच न पडलेला, लागतो. व्हर्टेक्स टूलने कोपरे सरकवताना ट्रेंचब्रूम ही अट स्वतः सांभाळतो. डोंगरकडे, गुहा, मोडकी कमान असलं वेडंवाकडं काम करताना याचं मोल समजतं.

सगळ्यात जास्त जीव जडला तो लिंक्ड ग्रुपवर. २०२१ च्या आवृत्तीत ही सोय आली. एक खांब घडवून त्याच्या जोडलेल्या प्रती दालनभर लावायच्या. नंतर कुठल्याही एका खांबाची बैठक रुंद केली की बाकीचेही बदलतात, वळवून ठेवलेले असले तरी. यामुळे माझी कामाची पद्धतच बदलली. आधी ओबडधोबड खांब लावून लढाई खेळून बघतो, आडोसा पुरतोय का ते पाहतो आणि नक्षीकाम शेवटी करतो. कुठलं बटण कुठलं दार उघडतं हे दाखवणाऱ्या रेषा आणि चुकांची यादी देणारा इश्यू ब्राउझरही रोजच्या उपयोगाचे आहेत.

आता जे सुधारायला हवं त्याबद्दल. एडिटरच्या दृश्यात दिव्यांचा प्रकाश दिसत नाही. लाइट एंटिटी (नकाशातला दिवा) ठेवायची, तेजाचा ३०० हा मूळ आकडा कमीजास्त करायचा आणि परिणाम बघायला कंपाइल करायचं, म्हणजे नकाशा गेमला चालेल अशा रूपात बदलायचा: आधी क्यूबीएसपी (भिंतींची रचना), मग विस (कुठून काय दिसतं याची गणना), मग लाइट (प्रकाश). ट्रेंचब्रूममधूनच ही साखळी चालवता येते, म्हणून मी दोन प्रोफाइल ठेवली आहेत. रोजच्यासाठी विसचा जलद पर्याय आणि शेवटच्या तपासणीसाठी पूर्ण. बारीक सजावट फंक-डिटेल केली, म्हणजे विसने ती गणनेत धरू नये अशी खूण केली, की विसचा वेळ बराच वाचतो. तरीही एका कोपऱ्यातली सावली बघायला एवढा फेरा पडतो, आणि शूटरमध्ये शत्रू अंधारात उभा आहे की उजेडात यावर सगळी चकमक ठरते. अंदाजे का होईना, प्रकाश एडिटरमध्ये दिसला पाहिजे.

दुसरी मागणी चालून बघण्याची. २००७ च्या हेलो ३ या शूटर गेममधल्या फोर्ज या नकाशा-संपादनाच्या सोयीत एक बटण दाबलं की संपादक क्षणात खेळाडू व्हायचा आणि पुन्हा संपादक, तेही मित्र त्याच नकाशात खेळत असताना. फोर्जमध्ये भिंती शून्यापासून घडवता येत नव्हत्या, पण ही एक गोष्ट त्यांनी अचूक ओळखली होती. ट्रेंचब्रूमचा कॅमेरा भिंतींतून आरपार उडतो. खेळाडूच्या उंचीवरून, भिंतींना अडत, पायऱ्या चढत फिरता आलं तर कितीतरी कंपाइल वाचतील. खिडकीतून समोरचा पूल दिसतो का, दारातून आत येणाऱ्याला डावीकडचा कठडा झाकतो का, हे प्रश्न दर काही मिनिटांनी पडतात.

आणि लीक, म्हणजे नकाशाला राहिलेली फट. नकाशा चहूबाजूंनी बंद नसला की विस चालत नाही. फट सापडवून देणारी पॉइंट फाइल ट्रेंचब्रूम उघडतो, कॅमेरा त्या रेषेवरून बिंदूबिंदूने नेताही येतो. हे उत्तम आहे, पण फट आहे हे मुळात कळतं ते कंपाइल केल्यावरच. मोठ्या नकाशात भिंत हलवता हलवता फट पडली तर तेव्हाच इशारा मिळावा. हा एडिटर मोफत आणि मुक्त-स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. सी++ जाणणाऱ्या कुणी ही तपासणी इश्यू ब्राउझरमध्ये घालायचं मनावर घेतलं, तर चाचणीसाठी माझे सगळे नकाशे मी आनंदाने देईन.