खर्ज की स्ट्रॉ? मुंबईत गळा तयार करायच्या दोन वाटा

नोकरी सांभाळून गाणं शिकायचं ठरवलं की मुंबईत साधारण दोन दारं दिसतात. पहिलं दादर, गिरगाव, पार्ले, डोंबिवलीतल्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या बाहेरच्या खोलीचं. तिथे सतरंजी, पेटी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा असतो आणि पहिले काही महिने फक्त सा आणि पलटे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक उलटसुलट ओळी. दुसरं अंधेरी-वांद्र्याकडच्या व्होकल कोचच्या स्टुडिओचं. तिथे कीबोर्ड, आरसा, एकेकट्याची शिकवणी आणि पहिल्याच दिवशी ओठ फुरफुरवणं. ‘आवाज तयार करून देतो’ असं दोन्हीकडे सांगतात, पण तयार होणारी गोष्ट एकच नसते. पहिल्या दारामागे मुख्यतः कान आणि स्वर घडतो, दुसऱ्यामागे तो स्वर काढणारी यंत्रणा. आपलं नेमकं कुठे अडतंय ते आधी ओळखावं.

यंत्रणा आकाराने अगदी लहान आहे. मोठ्या माणसाचे स्वरतंतू पुरुषात साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रीत १२ ते १७. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, सा लावणाऱ्या पुरुषाचे तंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर येतात, काळी पाचला गाणाऱ्या बाईचे सुमारे २३३ वेळा. त्यांच्यावर दोन स्नायूंचं राज्य असतं. एक तंतूंना आखूड आणि जाड करतो, दुसरा ताणून पातळ करतो. खाली पहिल्याचा जोर, वर दुसऱ्याचा. सूर चढत जातो तसा पहिल्याने हळूहळू हात सोडायचा असतो. तो हट्टाने धरून बसला की आवाज ताणतो, आणि एकदम सोडून दिला की चिरकतो.

ही हात सोडायची जागा कुठे येते ते पट्टीवरून जवळजवळ सांगता येतं. काळी एकच्या पुरुषाला तार, म्हणजे वरच्या, सप्तकातल्या रे-ग च्या आसपास ती भेटते, म्हणून मध्य सप्तकात छान गाणारी माणसं अंतऱ्यात मान वर करून ओरडू लागतात. काळी पाचच्या बाईला पहिला सांधा मध्य पंचमाच्या जवळ लागतो. आपल्याकडे जाड, छातीचा आवाज त्याच्याही वर न्यायचा असतो, त्यामुळे बायकांचा गळा दमण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

आता खर्ज, म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातल्या सुरांचा रियाज. पारंपरिक तालमीचं हे सर्वात मोठं बलस्थान आणि सर्वात चुकीचं केलं जाणारं कामही हेच. खालच्या सुरांत तंतू सैल आणि जाड असतात, त्यांच्या कडा हलक्या दाबाने पूर्ण मिळतात, हवा वाया जात नाही. तो ‘न ढकलता मिटणारा’ सूर अंगी लागावा यासाठी खर्ज आहे. पद्धत अशी: आपल्या पट्टीचा मध्य सा लावा, ‘आ’ म्हणत नि, ध, प असे एकेक स्वर उतरा, प्रत्येक स्वर एका श्वासात दहा-बारा सेकंद, मधल्या आवाजात. ज्या स्वरावर ‘आ’ मध्ये खरखर येऊ लागते त्याच्या वरच्या स्वरावर थांबा. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

बिघडतं ते इथे: खालचा सूर मिळत नाही म्हणून हनुवटी छातीकडे जाते, कंठमणी मुद्दाम खाली दाबला जातो आणि आवाज मोठा केला जातो. आरशात बघा, हनुवटी हलली की तो स्वर अजून आपला नाही. आणखी एक गंमत. पहाटे उठल्या उठल्या प्रत्येकाचाच आवाज जाड असतो, कारण रात्रभर आडवं राहून तंतू किंचित सुजलेले असतात. पहाटे लागलेला मंद्र मध्यम संध्याकाळी गायब झाला तर रियाज फुकट गेला असं नाही. तो स्वर मुळात झोपेने उसना दिला होता.

स्ट्रॉची गोष्ट, म्हणजे नळीतून सूर काढण्याचा कोचकडचा व्यायाम, वरवर पोरकट दिसते, पण तिच्यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. अमेरिकेतले आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी ते तपशिलात मांडलं. तोंडाकडची वाट अरुंद केली की आत थोडा उलटा दाब तयार होतो. तो तंतूंना एकमेकांवर आपटू देत नाही, आणि कमी श्वासात कंपन सुरू होतं. शहाळ्याबरोबर मिळते तशी पाच-सहा मिलिमीटरची नळी घ्या, अर्ध्या ग्लास पाण्यात तिचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, ओठ घट्ट मिटून ‘ऊ’ म्हणा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. मग सा ते प आणि परत, मींड घेतल्यासारखं सरकत जा. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. बुडबुडे थांबले आणि आवाज चालू राहिला तर हवा एक तर ओठांच्या फटीतून, नाही तर नाकातून निसटतेय. नाक चिमटीत धरून बघा, आवाज बदलला तर गळती नाकातली. गाल फुगून दुखले तर नळी फार बारीक आहे किंवा जोर फार आहे.

मुंबईपुरता याचा एक वेगळाच फायदा आहे: शेजारच्यांना काही ऐकू जात नाही. पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला तार षड्ज लावता येत नाही, बुडबुडे काढता येतात. पण नुसत्या स्ट्रॉने कोणी सुरात येत नाही. नळीतून कणसूर ‘ऊ’ सुद्धा तितकाच आरामात निघतो, आणि पुष्कळ कोच वर्ग फुरफुर आणि चढत्या सरगमींवरच अडकून राहतात.

कानाच्या बाबतीत पारंपरिक वर्ग सरळ पुढे जातो. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार हा तानपुऱ्यातल्या स्वयंभू, म्हणजे तारांतून आपोआप उमटणाऱ्या, गंधारापेक्षा लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण सातव्या भागाइतका चढा असतो. ऐकायला फरक किरकोळ, पण स्थिर गंधारावर पाच सेकंद थांबलं की तो टोचतो. कीबोर्डवर तयार झालेला कान हिंदी गाण्याला चालतो. भावगीतातल्या लांब ठेवलेल्या स्वराला किंवा नाट्यगीताला उघडा पडतो. पेटीही बहुधा कीबोर्डसारखीच लावलेली असते, म्हणून ज्या वर्गात गुरुजी सगळा वेळ पेटीवर स्वर धरून देतात, तिथेही हा तोटा आहेच. पेटी बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर गाऊन घेणारा शिक्षक वेगळा ओळखा.

श्वासाबद्दल दोन्हीकडे ‘पोटातून गा’ हेच ऐकाल. पोटात हवा नसते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. बाहेर सोडताना बरगड्या आणि पोटाच्या भिंतीचे स्नायू वेग राखतात. चाचणी सोपी आहे: शांत श्वास घ्या, ‘स्स्स’ असा एकसारखा आवाज वीस सेकंद काढा. सुरुवातीला फुस्सकन हवा गेली तर दमसास कमी नाही, लगाम कमी आहे. यात स्टुडिओवाले व्यायाम नेमके देतात, पण विलंबित लयीत अख्खी ओळ एका श्वासात घ्यायला लावणारी तालीम शेवटी जास्त कामाला येते. लांब दमसासासाठी नावाजलेलं भेंडीबाजार घराणं याच शहरात वाढलं, हे योगायोगाने आठवायला हरकत नाही.

ऑपेरा गायकांच्या आवाजात २५०० ते ३२०० हर्ट्झच्या पट्ट्यात एक खास धार असते. ती कशी तयार होते ते स्वीडनचे जोहान सुंडबर्ग यांनी समजावून दिलं. वाद्यवृंदावर मात करून माइकशिवाय ऐकू जाण्यासाठी तिचा उपयोग. कोच तुम्हाला ही धार ‘बसवून’ देत असेल तर विचारा, कशासाठी? तुम्ही माइकपासून वीतभर अंतरावर गाणार आहात.

या दोन वाटांमध्ये भिंत घालायची गरज खरं तर मुंबईला कधीच नव्हती. ऑपेरा हाऊसजवळ १९२५ साली संगीत विद्यालय काढणाऱ्या प्रा. बी. आर. देवधरांनी पाश्चात्त्य आवाजसाधनेचा अभ्यास करून तो आपल्या गायकीशी जोडला. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. अशोक दा. रानडे यांनीही हा विषय गंभीरपणे हाताळला. आजचे काही गुरू स्ट्रॉला हसतात आणि काही कोच खर्जाला ‘घसा बिघडवणारा प्रकार’ म्हणतात, तो दोघांचा आळस आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी एक गोष्ट पैशांपेक्षा आधी विचारा: माझा सा कोण ठरवणार? सामुदायिक वर्गात पेटी एकाच पट्टीला लागते आणि दहा जण तिच्यात बसवले जातात. काळी एकला गाणाऱ्या गुरूंसमोर बसलेल्या बाईला एक तर पाताळात उतरावं लागतं, नाही तर वरच्या सप्तकात पातळ आवाजात निभवावं लागतं. तीन वर्षांनी ‘माझा आवाज वर जात नाही’ ही तक्रार तिथूनच येते. आपली पट्टी अशी तपासा: मंद्र पंचम स्पष्ट, खरखरीविना लागला पाहिजे आणि तार मध्यमापर्यंत मान न ताणता जाता आलं पाहिजे. दोन्ही टोकं जिथे बसतात तो तुमचा सा. शिक्षक पहिल्या दोन तासांत हे करत नसेल, तर नाव कितीही मोठं असो, तुमच्यापुरता तो वर्ग अपुरा आहे. कोचकडे हा प्रश्न उलटा येतो: तिथे सा च नसतो, प्रत्येक गाणं मूळ गायकाच्या पट्टीत म्हणायचा आग्रह असतो. तोही तितकाच घातक.

परीक्षांचं थोडक्यात. पुढे शिकवायचं असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतची शिडी आपल्याकडे ओळखली जाते. स्टुडिओकडून बहुधा ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड मिळतात. छंदासाठी गाणाऱ्याने दोन्ही विसरावं.

मग कोणी कुठे जावं? रेकॉर्डिंग ऐकताना आपण सुरात नाही असं जाणवतं, पण तासभर गाऊन घसा ताजा असतो, तर डोळे मिटून गुरुजींकडे जा. सूर बरोबर आहेत, पण दोन गाण्यांत घसा बसतो, वर चिरकतो, तर आधी तीन-चार महिने यंत्रणा सुधारणारा कोच, मग तालीम. दिवसभर बोलण्याचं काम असलेल्यांनी, म्हणजे शिक्षक, कॉल सेंटर, विक्री, दुसरा मार्ग आधी घ्यावा. लोकलच्या गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, ए.सी.त घसा कोरडा पडतो, आणि संध्याकाळी सातला खर्ज लावायला बसतो तेव्हा तंतू आधीच थकलेले असतात. बारा ते पंधरा वर्षांच्या, आवाज फुटत असलेल्या मुलाला मात्र कुठेही नेलं तरी खर्ज आणि जोरकस ताना नकोत. त्याचा सा दर काही महिन्यांनी बदलेल, तो बदलू द्या.

दोन्ही एकत्र करायचं तर वेळापत्रक असं चालतं: सकाळी पाच मिनिटं स्ट्रॉ, मग पंधरा मिनिटं मंद्र सप्तक, मग तानपुऱ्यावर पलटे, वर्गानंतर पुन्हा दोन मिनिटं स्ट्रॉ, गळा उतरवायला. गणपतीचे दहा दिवस आरत्यांत ओरडून झालं असेल तर पुढचे दोन दिवस फक्त स्ट्रॉ. कुजबुजत बोलणं ही विश्रांती नव्हे, बऱ्याच जणांचा घसा त्याने आणखी आवळतो. वारंवार खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्या.

आवाज तीन-चार आठवडे घोगरा राहिला तर दोन्ही दारं बंद ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तंतू बघून घ्या. गाठी साधारणपणे तंतूच्या पुढच्या एक तृतीयांशावर, जिथे सर्वाधिक आपटतं तिथे येतात, आणि सुरुवातीच्या टप्प्यात पुष्कळदा शस्त्रक्रियेविना, व्हॉइस थेरपीने बऱ्या होतात. ही थेरपी देणारे वाचा-उपचारतज्ज्ञ मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत घडतात.

चाचणीचा वर्ग घेतलात तर निर्णय त्याच संध्याकाळी करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी फोनवर कोणाशी तरी दोन वाक्यं बोला. बोलायचा आवाज कालच्यापेक्षा खाली, जड आणि हवा सुटल्यासारखा येत असेल, तर त्या वर्गाची सहामाही फी एकदम भरू नका.