सोलापूरच्या हवेत चार पटर: हिवाळा ते पावसाळा वापरून झाल्यावर

सोलापुरात डिस्क गोल्फसाठी पटर, म्हणजे जवळून टोपलीत टाकायची चकती, घेणार असाल तर चकतीवर छापलेले आकडे नंतर वाचा. आधी प्लास्टिक बघा, मग तिची कड आपल्या बोटांत कशी बसते ते बघा. नोव्हेंबरची थंडी, मे महिन्याचं ऊन आणि त्यानंतरचा जून-जुलैचा वारा असा सगळा फेरा चार वेगवेगळ्या पटरांवर काढला, तेव्हा माझं मत इथे येऊन ठरलं.

खेळ नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोल्फचेच नियम, फक्त चेंडूच्या जागी चकती आणि खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात, त्या चकतीचा वेग खातात आणि ती खाली टोपलीत पडते. ही साखळ्यांची टोपली एड हेड्रिक या अमेरिकन माणसाने घडवली. त्यानेच १९७६ मध्ये पीडीजीए, म्हणजे प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, सुरू केली. लांब फेकायच्या चकतीला ड्रायव्हर म्हणतात, तिची कड रुंद आणि धारदार असते. पटरची कड बोथट आणि खोल. तो हळू उडतो, सरळ जातो आणि साखळीला लागला की तिथेच पडतो, निदान पडायला हवा.

आमच्याकडे अल्टिमेट, म्हणजे दोन संघांत चकती फेकत-झेलत खेळायचा खेळ, खेळणारी पोरं आहेत, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तीच चकती इथे का चालत नाही? अल्टिमेटची चकती १७५ ग्रॅमची आणि सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाची असते. पटरचंही वजन जवळपास तेवढंच, पण व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास. तेवढंच वजन लहान घेरात आल्यामुळे पटर वाऱ्यात जास्त टिकून राहतो आणि साखळ्यांत घुसतो. स्पर्धेच्या नियमात व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजन चालतं, म्हणून बहुतेक पटर १७३ ते १७५ ग्रॅममध्ये मिळतात.

सराव जुळे सोलापूरमधल्या एका रिकाम्या प्लॉटवर, मालकाला विचारून. टोपली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या मामांकडून करून घेतली. नियमाप्रमाणे टोपलीची वरची कड जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर घेतली आणि साखळ्यांचे दोन पदर लावले, एक बाहेर आणि एक आत. मामांनी चित्र बघून लगेच सांगितलं, "मालक, साखळी जड घ्या की. हलकी घेतली तर वाऱ्यानंच हलत बसंल." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. हलक्या साखळ्यांतून चकती आरपार जाते आणि मग पटर वाईट की टोपली वाईट, हेच कळत नाही. पटरांची तुलना करायची असेल तर टोपली नीट असणं ही पहिली अट आहे.

आता चकत्या. चार आकड्यांचा अर्थ असा: वेग, तरंगणं, सुरुवातीला उजवीकडे वळणं आणि शेवटी डावीकडे पडणं. हे उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी, म्हणजे हात अंगासमोरून आडवा नेऊन केलेल्या फेकीसाठी. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

इनोव्हा कंपनीचा एव्हिएर १९८० च्या दशकापासून चालत आलेला. आकडे २, ३, ०, १. मी डीएक्स नावाच्या साध्या प्लास्टिकमधला घेतला. याच्यात वेगळं असं काही जाणवत नाही आणि तीच त्याची ताकद आहे. हात जसा सुटेल तशी चकती जाते. मनगट तिरकं सुटलं तर तिरकी जाते, सरळ सुटलं तर सरळ. शिकणाऱ्याला आपल्या हाताचं खरं रूप दाखवणारा असा दुसरा पटर मी वापरलेला नाही. याच घराण्यात बिग बीड एव्हिएर आहे, त्याच्या कडेखाली ठळक मणी असतो.

हा मणी म्हणजे कडेच्या तळाशी फिरणारी उंचवट्याची गोल रेघ. कागदावर वाचताना क्षुल्लक वाटतो, पण हातात घेतल्यावर लोकांचे दोन गट पडतात. डायनॅमिक डिस्क्सचा जज मण्याचा आहे, आकडे २, ४, ०, १. त्याच कंपनीचा वॉर्डन म्हणजे जवळपास तीच चकती, फक्त मणी काढलेली. माझ्याबरोबर खेळणाऱ्या मित्राचा पंजा मोठा आहे, त्याला मण्यावर बोटं अडकवून धरायला आवडतं. जज हातात आल्यापासून त्याने दुसरं काही उचललेलं नाही. माझी बोटं आखूड. मण्यामुळे चकती सुटताना मला किंचित अडकल्यासारखी वाटते, म्हणून मला बिनमण्याची कड सोयीची. यात कोणाचं बरोबर आणि कोणाचं चूक नसतं. घेण्याआधी कोणाची तरी चकती पाच मिनिटं हातात धरून बघा. पन्नास परीक्षणं वाचण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

अ‍ॅक्सिअमचा एन्व्ही दोन प्लास्टिकचा. मधला भाग हाताला चिकटून बसणाऱ्या इलेक्ट्रॉन नावाच्या प्लास्टिकचा आणि बाहेरचं कडं वेगळ्या, टणक प्लास्टिकचं. वेग ३, तरंगणं ३, शेवटचं पडणं २. म्हणजे शेवटी तो ठामपणे डावीकडे येतो. या चकतीचं नाव २०२१ मध्ये जगभर झालं. युटामधल्या ऑग्डेन इथे जागतिक स्पर्धेच्या शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅडने सुमारे ७५ मीटरवरून थेट टोपलीत फेक टाकली, पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद घेतलं. ती चकती एन्व्ही होती. मी मात्र त्या फेकीमुळे नाही, दोन प्लास्टिकच्या बांधणीमुळे घेतला. आपल्याकडे जमीन मुरमाची आणि दगडांची. एकाच साध्या प्लास्टिकच्या कोणत्याही चकतीची कड मुरमावर घासून खरबरीत होते आणि हळूहळू तिचं शेवटचं पडणं कमी होतं. टणक कडं असलेली चकती तितक्या लवकर बदलत नाही. (खरबरीत झालेली कड बारीक पॉलिश पेपरने हलकी गुळगुळीत केलेली नियमात चालते. घासून घासून उड्डाणच बदललं तर चालत नाही.)

चौथा स्वीडनच्या कास्टाप्लास्टचा बर्ग. आकडे १, १, ०, २. वरच्या बाजूला खोलगट बशीसारखा आकार, अंगठा तिथे छान बसतो. तरंगणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे जोरात फेकावा लागतो. पण जिथे पडतो तिथेच थांबतो. दहा मीटरच्या आतल्या पटसाठी, म्हणजे थेट टोपलीत टाकायच्या फेकीसाठी, माझ्या हाताला तो जमला नाही, पण वीस-तीस मीटरवरून टोपलीजवळ नेऊन ठेवायला याच्यासारखी चकती नाही. सुकलेल्या कडक जमिनीवर बाकीच्या चकत्या सरपटत पुढे जातात. हा मुकाट्याने खाली बसतो.

आता मूळ मुद्दा, ऊन.

पटरबद्दल इंग्रजीत जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं अमेरिकेच्या उत्तर भागातून, स्वीडनमधून आणि फिनलंडमधून येतं. तिकडची माणसं थंडीत खेळतात. थंडीत प्लास्टिक ताठ होतं, निसरडं होतं, साखळीवरून उडतं. म्हणून ते मऊ प्लास्टिक घ्या म्हणून सांगतात आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. आपल्याकडे हा सल्ला डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळीच लागू पडतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे मऊ पटर हातात अगदी हवा तसा बसतो, बोटांना उबदार वाटतो आणि साखळीत मिठी मारल्यासारखा अडकतो. मार्च उजाडला की चित्र पालटतं. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजतासुद्धा तोच पटर अंगठ्याखाली दबतो. चकती दबली की कड हातातून एकाच क्षणी सुटत नाही, आधी एक बोट सोडतं आणि मग दुसरं. ती थरथरत जाते आणि टोपलीच्या अलीकडे मान टाकते. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की मऊ प्लास्टिकवर मी भरवसा ठेवत नाही, कंपनी कोणतीही असो.

ताठ प्लास्टिकचं उलट. थंडीत थोडं लाकडासारखं लागतं, उन्हाळ्यात मात्र नेमकं जमून येतं. एन्व्ही इलेक्ट्रॉनमध्ये मऊ, मध्यम आणि फर्म (म्हणजे ताठ) अशा तीन प्रतींत मिळतो. जजसुद्धा क्लासिक, क्लासिक ब्लेंड आणि क्लासिक सॉफ्ट असा येतो. परदेशी जाणकार ज्या प्रतीची शिफारस करतात, तिच्यापेक्षा एक पायरी ताठ घ्या. सोलापूरच काय, लातूर, कलबुर्गी, विजापूर अशा आपल्यासारख्या हवेच्या गावांतही माझा हाच सल्ला राहील.

चकत्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत प्लास्टिक वाकतं आणि वाकलेली चकती सरळ उडत नाही. वाकलीच तर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायची, मग शहाबादी फरशीवर पालथी घालून वर सपाट वजन ठेवायचं आणि तशीच गार होऊ द्यायची. माझ्या चकत्या कापडी पिशवीत, घरात पलंगाखाली असतात.

घामाचंही असंच. उन्हाळ्यात तळहात कोरडा राहत नाही आणि ताठ प्लास्टिक ओल्या हातातून निसटतं. इथे आपलं गाव कामाला येतं. टॉवेल विणणाऱ्या शहरात राहतो आपण, चांगला जाड टर्किश नॅपकिन कमरेला खोचायला काय अडचण आहे? प्रत्येक पटआधी हात आणि चकती दोन्ही पुसा. पावसाळ्यात तर कडेच्या आतली बाजू आवर्जून पुसायची, कारण काळी माती तिथे चिकटते, वजन एका बाजूला जातं आणि बोटांची पकडही बिघडते.

वारा हा दुसरा मोठा परीक्षक. मोकळ्या प्लॉटवर आडोसा नसतो आणि जूनपासून पश्चिमेचा वारा दिवसभर चालतो. समोरून वारा आला की चकती वर उचलली जाते. मागून आला की खाली दाबली जाते. जास्त तरंगणारा पटर समोरच्या वाऱ्यात टोपलीवरून निघून जातो, पण मागच्या वाऱ्यात तोच तरंग उपयोगी पडतो. शेवटी ठामपणे खाली येणारा पटर समोरच्या वाऱ्यात जास्त विश्वासाचा. या दिवसांत तो मोठ्या पंजाचा मित्रसुद्धा माझ्याकडे हात पुढे करतो, "का बे, ती तुझी कडंवाली दे की इकडं, वारं लय आहे आज."

पट मारायची पद्धतही निवडीत धरावी लागते. काही जण मनगट फारसं न वापरता खालून वर ढकलतात. चकती कमी फिरते, साखळीला अलगद लागते आणि चुकली तर टोपलीजवळच पडते. काही जण मनगटाच्या झटक्याने सपाट आणि वेगात मारतात. ही पद्धत वाऱ्यात टिकते, कारण फिरकी जास्त असते, पण चुकलं तर चकती लांब जाते. आपल्या वाऱ्यामुळे मी दुसऱ्या पद्धतीकडे झुकलो आणि त्या पद्धतीला स्वच्छ सुटणारी ताठ कड लागते. शांत सकाळी खेळणाऱ्याने ढकलण्याची पद्धत आणि थोडं मऊ प्लास्टिक घ्यायला माझी ना नाही. एक नियम मात्र दोघांनाही: दहा मीटरच्या आत पट मारल्यावर तोल सावरून उभं राहावं लागतं, चकतीच्या मागोमाग पुढे झेपावता येत नाही. सरावातही हे पाळा. स्पर्धेत जे पाय चालणार नाहीत त्या पायांनी सराव करण्यात अर्थ नाही.

माझा आजचा संच असा. पटसाठी फर्म इलेक्ट्रॉनमधला एन्व्ही, तोही जोडीने. एकसारख्या दोन चकत्या असल्या की टोपलीकडच्या फेऱ्या निम्म्या होतात आणि हाताला एकच कड पाठ होते. टोपलीजवळ नेऊन ठेवण्यासाठी बर्ग. एव्हिएर पुतण्याकडे गेला आहे, त्याला तो लगेच आवडला. जज मित्राच्या पिशवीत आहे आणि तिथेच राहणार.

मागवताना एकट्याने मागवू नका. साध्या प्लास्टिकचा पटर अमेरिकेत दहा डॉलरच्या आसपास मिळतो, पण तिथून मागवला तर टपाल आणि सीमाशुल्क धरून तो आपल्या हातात येईपर्यंत हिशेब बदलतो. चार-पाच जणांनी मिळून ऑर्डर दिली तर परवडतं, शिवाय एकमेकांच्या चकत्या हाताळून बघता येतात. वजन ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. मोठ्यांनी १७३ ग्रॅमच्या खाली जाऊ नये, आपल्या वाऱ्यात हलकी चकती भरकटते. शाळकरी मुलांसाठी १५० ग्रॅमच्या आसपासची मागवा आणि त्यांची टोपली पाच मीटरवर ठेवा. दहा वर्षांच्या पोराच्या हातात १७५ ग्रॅमची चकती दिली की तो खांद्याने फेकायला लागतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.