शेअरच्या बटणाचा रिव्ह्यू : चालतं मस्त, थांबत मात्र नाही

फोनचे रिव्ह्यू सगळे लिहितात, कॅमेरा कसा, बॅटरी किती टिकते वगैरे, पण ज्या बटणाकडे आपला अंगठा दिवसभर धावत असतो त्याबद्दल कोणी काही बोलत नाही, म्हणून म्हटलं आज शेअरच्या बटणाचाच रिव्ह्यू लिहूया. फॉरवर्ड म्हणा, रीट्वीट म्हणा, रीपोस्ट म्हणा, बाण कुठे वाकडा असतो कुठे गोल फिरतो, काम एकच: दुसऱ्याचं बोलणं आपल्या नावावर पुढे ढकलणं.

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी दोन. आता कमेंटमध्ये भांडा.

आधी चांगलं सांगते. स्पीडच्या बाबतीत तोड नाही. लैंगिक छळाविरुद्धचे ‘मी टू’ हे शब्द अमेरिकेतल्या कार्यकर्त्या तराना बर्क 2006 पासून वापरत होत्या, पण जगभर पोचले ते 2017 च्या ऑक्टोबरात, एका ट्वीटमुळे, आणि फेसबुकनेच सांगितलं होतं की पहिल्या 24 तासांत 47 लाख लोक त्या चर्चेत उतरले. पत्रकं वाटून हे कधी झालं असतं? पण एक बघा हं, तिथे लोकांनी नुसतं बटण नव्हतं दाबलं, स्वतःच्या हाताने ते दोन शब्द टाइप केले होते, कित्येकींनी पुढे आपला अनुभवही लिहिला. हा फरक लक्षात ठेवा, माझा सगळा रिव्ह्यू त्याच्यावरच आहे.

कारण सुरुवातीला शेअर करणं असंच हाताने करायचं काम होतं. ट्विटरवर (आताचं एक्स) दुसऱ्याचं काही आवडलं तर लोक ते कॉपी करायचे, पुढे ‘आरटी’ आणि त्या माणसाचं नाव लिहायचे, जागा पुरत नसेल तर काटछाट करायचे, मग पाठवायचे. कटकटच होती, पण तेवढ्या वेळात डोकं चालायचं. 2009 मध्ये रीट्वीटचं बटण आलं आणि कटकट गेली, डोकंही गेलं. ते बटण बनवणाऱ्या टीमचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं की आता त्याचा पश्चात्ताप होतोय. ज्यांनी वस्तू बनवली तेच असं म्हणतायत म्हटल्यावर माझे दोन स्टार पण जास्तच म्हणायचे.

‘खोट्या बातम्या बॉट्समुळे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे पसरतात हो’ असं म्हणणारे असतात, त्यांच्यासाठी: 2018 मध्ये ‘सायन्स’ मासिकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, 2006 ते 2017 मधल्या ट्विटरवरच्या सुमारे 1,26,000 बातम्यांच्या साखळ्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी रीट्वीट व्हायची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली, आणि बॉट्स बाजूला काढले तरी चित्र तेच. म्हणजे अंगठा आपलाच. खोट्या गोष्टीत नवलाई जास्त असते, खरं बिचारं बेचव.

पण मला खोट्यापेक्षा जास्त त्रास देतो तो एकेकाळी खरा असलेला मेसेज. हरवलेल्या मुलाचा घ्या. तुम्हाला पण आला असणार. फोटो, शाळेचा युनिफॉर्म, खाली वडिलांचा नंबर, ‘काल संध्याकाळपासून घरी आलेला नाही’, आणि शेवटी ‘फालतू जोक्स पाठवता ना मग हे पण पाठवा’. सगळं आहे, तारीख नाही. हा काल कुठला? फॉरवर्ड झाला की मेसेजवर वेळ दिसते ती ज्याने तुम्हाला पाठवला त्याची, मूळ कधी लिहिला ते कुठेच नाही. त्यामुळे मूल त्याच रात्री सापडलेलं असो, पुढे कॉलेजला गेलेलं असो, मेसेजमध्ये ते कालच हरवलेलं असतं आणि तो नंबर वाजत राहतो. आईबापांना थांबवायचं असेल तर सोयच नाही, ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तर ज्या चॅटमध्ये पाठवला तिथला जातो, पुढे गेलेल्या कॉप्या तशाच. ‘मुलगा सापडला’ हा मेसेज पण पाठवतात लोक, पण तो कोण फॉरवर्ड करतंय. आणि मामांना ग्रुपवर सांगायला जा की मामा हा जुना आहे, तर उत्तर येतं, पाठवायला आपलं काय जातंय. ह्यावर काय बोलणार, खरंच काही जात नाही, बटण तसंच बनवलंय.

व्हॉट्सॲपने सुधारणा केल्यात, नाही असं नाही. 2019 पासून जगभर एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येतं. साखळीतून पाच किंवा जास्त वेळा फिरून आलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात, आणि 2020 च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. त्या बदलानंतर खूप फिरलेले मेसेज 70 टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीचं म्हणणं. मेसेज एन्क्रिप्टेड असल्यामुळे आत काय आहे ते कंपनी वाचू शकत नाही, फक्त किती हातांतून आलाय तो आकडा मेसेजबरोबर फिरतो, ही आयडिया मला आवडली. पण मजकूर कॉपी करून पेस्ट केला की दोन बाण गायब, मेसेज कोरा करकरीत, जसा काही तुम्हीच लिहिलाय. टेलिग्राममध्ये चॅनेलवरची पोस्ट फॉरवर्ड केली तर चॅनेलचं नाव बरोबर जातं, ते बरंय, निदान कुठून आली ते कळतं.

सगळ्यात भारी फीचर मात्र ट्विटरनेच काढलेलं. 2020 मध्ये लिंक न उघडता रीट्वीट करायला गेलात की विचारायचं, आधी वाचताय का? बस, एवढंच, अडवत नव्हतं. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे तो प्रश्न पाहिल्यावर लोकांचं लेख उघडण्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी वाढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या तोंडावर, रीट्वीट दाबलं की आधी लिहायची चौकट उघडायला लागली, तुमचं स्वतःचं काही म्हणायचं असेल तर लिहा, नसेल तर रिकामी सोडून पाठवा. एकूण शेअरिंग 20 टक्क्यांनी घटलं. एक जादा टॅप, बाकी काही नाही! डिसेंबरात ते काढून टाकलं, कारण काय तर लोक चौकटीत एखादाच शब्द टाकून पुढे जात होते, विचारपूर्वक लिहीत नव्हते. अरे पण पाचातला एक शेअर कमी झाला ना, तेच तर पाहिजे होतं. पण शेअर कमी म्हणजे ॲपवरची वर्दळ कमी, आणि वर्दळीवर तर जाहिराती चालतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी तर उघड सांगतात की पोस्ट किती जण दुसऱ्याला पाठवतात त्यावर ती आणखी किती लोकांना दाखवायची हे बरंचसं ठरतं. म्हणजे मामांनी बटण दाबलं की ते फक्त ग्रुपला पाठवत नाहीत, मशीनला पण सांगतात की हे चालतंय, अजून वाढ.

कोणासाठी चांगलं? रक्त हवंय, रस्ता बंद आहे, परीक्षेची वेळ बदलली, असल्या आजच्या आज कामाच्या गोष्टींसाठी मस्त, बिनधास्त वापरा, फक्त खाली तारीख टाका आणि काम झालं की तिथेच कळवा. आरोग्याचे सल्ले, कोणावरचे आरोप, ‘सावध राहा’ टाइपचे व्हिडिओ, ह्यासाठी अजिबात नको.

फॉरवर्डवर मूळ मेसेजची तारीख दिसायला लागली की तिसरा स्टार लगेच देते. चौथा हवा असेल तर ती ऑक्टोबरातली रिकामी चौकट परत आणा.