स्लीप, हायबरनेट की शटडाउन? विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बरेच महिने काढल्यानंतर

स्क्रीन, कीबोर्ड, वेग यांबद्दल माझी तक्रार नाही. झाकण मिटल्यावर आत काय चालतं, यानेच मला खरा ताप दिला.

झाकण मिटून, स्लीपवर ठेवून रात्रीच्या एसटीने लातूरला निघालो. सकाळी बॅग उघडली तर लॅपटॉपच्या तळाला हात लाववत नव्हता, पंखा घरघरत होता आणि रात्री ८० टक्के असलेली बॅटरी ९ वर आली होती. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने बघताक्षणी निकाल दिला: बॅटरी गेली, बदला, साडेपाच हजार. वर्षही न झालेली बॅटरी! मी पैसे काढले नाहीत. घरी कमांड प्रॉम्प्टवरून पॉवरसीएफजी या विंडोजच्याच कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला. क्षमता मूळच्या ९४ टक्के, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग त्याच कमांडने स्लीपस्टडी, म्हणजे झोपेत किती बॅटरी खर्च झाली याचा अहवाल काढला, आणि त्यात त्या रात्रीची पट्टी लाल, म्हणजे खर्च जास्त.

जुन्या लॅपटॉपांत एस३ नावाची झोप असायची: रॅमपुरती वीज चालू, बाकी जवळपास सगळं बंद. नव्यांत बहुतेक ठिकाणी मॉडर्न स्टँडबाय आहे. स्क्रीन काळी होते, पण मेल, नेटवर्क, अपडेट यांसाठी मशीन मधूनमधून जागं होत राहतं. एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) अडून बसला की प्रोसेसर खोल झोपेत जातच नाही, आणि बॅगेत हवा खेळत नसल्याने उष्णता कोंडते. कुठल्या झोपा उपलब्ध आहेत ते दाखवणारी 'पॉवरसीएफजी /ए' ही कमांड देऊन पाहिलं, तर माझ्या मशीनला एस३ उपलब्धच नाही. एवढे पैसे मोजून साधी झोप निवडण्याची सोय नसावी, याचा मला मनापासून राग येतो.

मग शटडाउन सुरू केलं. बरेच दिवस माझं ठाम मत होतं की प्रवासाला हाच एक पर्याय. तेही मत टिकलं नाही. रोज बंद करूनही टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसायचा. विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप मशीन बंद होताना कर्नलचा, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचा भाग डिस्कवर साठवून ठेवतं, त्यामुळे ती कोरी सुरुवात नसते. कोरी सुरुवात रीस्टार्टने होते, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन केलं तर. शिवाय सकाळी सगळ्या एक्सेल फायली पुन्हा उघडत बसायचं ते वेगळंच.

आता हायबरनेट. मेनूत तो सहसा दिसत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. तिथेच झाकण मिटल्यावर हायबरनेट हेही लावून टाकलं. रॅममधला मजकूर डिस्कवर जातो आणि मशीन बंद होतं. रात्रभरात बॅटरी एखाददुसरा टक्का उतरली तर उतरली. उघडल्यावर काही सेकंद थांबावं लागतं, पण फायली होत्या तिथेच.

रोजच्या लिखाणाने एसएसडी (लॅपटॉपमधली डिस्क) झिजेल ही धास्ती मलाही होती, म्हणून हिशेब केला. दिवसाला ६ जीबी लिहिले तरी वर्षाला सव्वादोन टेराबाइटच्या आतच. ५१२ जीबीच्या ड्राइव्हला साधारण शंभर टेराबाइट किंवा त्याहून जास्त लिखाणाची हमी असते. डिस्कवर काही जीबी जागा अडते, ती मी आनंदाने दिली.

टेबलावर, चार्जर लावलेला असताना स्लीप चालतं. जेवायला उठताना मी अजूनही तेच करतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. आणि ते साडेपाच हजार अजून माझ्याच खात्यात आहेत.