दिवाळी ते आषाढ, एकच डबल आयपीए: नागपूरच्या उन्हात हिचं काय होतं

ज्येष्ठात या बिअरवरून दुकानदाराशी हुज्जत झाली नसती तर हे लिहायला बसलोच नसतो. पैसे परत मिळाले नाहीत, निदान लिहून तरी मोकळा होतो. ब्रुअरीचं नाव घेत नाही, दुकानाचंही नाही. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं; ती सढळ घातलेली कडू बिअर म्हणजे आयपीए, आणि तिचाच जास्त कडक, जास्त हॉप्सचा प्रकार म्हणजे डबल आयपीए. 500 मिलीचा कॅन, 8 टक्के अल्कोहोल (आपल्याकडे बिअरला याच्या वर जायची मुभाच नाही), लेबलावर सिट्रा आणि सिम्को ही हॉप्सची नावं. किंमत अशी की तेवढ्यात साध्या स्ट्राँग बिअरची मोठी बाटली येते आणि वर चकण्याचे पैसे सुटतात.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच होतं. पहिला कॅन दिवाळीनंतर घेतला. बाजारात आंबिया बहाराची संत्री आली होती, रात्री गच्चीवर स्वेटर घालून बसावं अशी हवा. कॅन उघडला आणि ग्लासात ओतायच्या आधीच वास आला. संत्र्याची साल मुडपली की बोटांवर जे तेल उडतं ना, तोच. नागपूरच्या माणसाला तो वास ओळखायला कुणी शिकवावा लागत नाही. त्याच्या मागून पपनस, थोडी कच्ची कैरी आणि खाली चीडाच्या राळेसारखं काहीतरी. घोट घेतला की आधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) जळकट साखरेचा गोडवा, मग कडूपणा. तो जिभेच्या मागच्या टोकावर येऊन बसतो आणि उठत नाही. वर्ध्याचा साळा आला होता, त्याने एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला. "भाऊजी, एवढं कडू पैसे देऊन पिता?" दुसऱ्या घोटानंतर मात्र ग्लास परत मागितला. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने तसाही तो नागपुरात चोखंदळपणा करत नाही.

तेव्हा माझं मत होतं की या बिअरमध्ये खरी गोष्ट कडूपणाच. आपली नेहमीची साधी बिअर, म्हणजे लागर, आयबीयू या कडूपणाच्या मापात 10-20च्या आसपास असते. या प्रकारात आकडा 60 ते 100 असतो. एवढं कडू असूनही ती पिववते कशी, याचंच मला कौतुक. डिसेंबर-जानेवारीत दर पगाराला घेत गेलो. एक सूचना तेवढी: बर्फगार पिऊ नका. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, उभ्या ग्लासात ओता. एकदम चिल्ड असली तर वास झोपलेलाच राहतो, मग साधी स्ट्राँग काय वाईट?

होळीनंतर गडबड सुरू झाली. कॅन तोच, दुकान तेच, वास मात्र अर्धा. वाटलं, सर्दी असेल. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास संत्र्याची साल पार गेली आणि तिच्या जागी मधासारखा चिकट गोडवा आला. ज्येष्ठात घेतलेल्या कॅनला चक्क ओल्या पुठ्ठ्याचा वास. कडूपणा तेवढा शाबूत होता, उलट एकटा पडल्यामुळे जास्तच खरखरीत लागत होता. म्हणजे ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजायचे ते गेलं आणि ज्याच्याबद्दल साळा कुरकुरला होता ते राहिलं.

उरलेले बंद कॅन आणि बिल घेऊन दुकानात गेलो. "का झालं भाऊ? सीलपॅक माल आहे. बिअर काय दूध आहे का नासाले?" म्हटलं, एक उघडून वास घेऊन पाहा. त्याने वास घेतला, म्हणाला, "बिअरसारखाच तर येऊन राह्यला." यावर काय बोलणार? पोऱ्याला सहज विचारलं, माल कुठे ठेवता. मागे टिनाच्या शेडमध्ये. आणि हा फ्रिज? "रात्री बंद करतो ना, लाइटचं बिल किती येते!" हे तो अभिमानाने सांगत होता. काटकसरीचं मलाही कौतुक आहे, पण ती माझ्या कॅनवर का?

आता मुद्द्याचं. क्राफ्ट बिअरच्या धंद्यात 3-30-300 असा एक ठोकताळा आहे. बिअर सुमारे 32 अंशांवर 3 दिवस, 22 अंशांवर 30 दिवस किंवा 3 अंशांवर 300 दिवस ठेवली, तर ती साधारण सारखीच शिळी होते. हा काही प्रयोगशाळेचा नियम नाही, पण दिशा बरोबर आहे. आता यात नागपूर बसवा. मे महिन्यात पारा 45च्या आसपास, नवतप्यात (मे अखेरचे ते तापाचे नऊ दिवस) रात्रीही 30च्या खाली यायला का-कू करतो. 2013च्या मे महिन्यात इथे 47.9 अंश नोंदले गेले होते. (2024च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवले, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आम्हाला तो आकडा खोटा वाटला नव्हता, ही गोष्ट वेगळी.) ही बाहेरच्या सावलीतली मापं. टिनाच्या शेडमध्ये काय असेल ते तुम्हीच समजा. तिथे आठवडा काढलेला कॅन म्हणजे कागदोपत्री ताजा, आतून म्हातारा.

कारण साधं आहे. हॉप्सचा कडूपणा उकळताना वॉर्टमध्ये, म्हणजे आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात, उतरतो आणि बऱ्यापैकी टिकतो. वास येतो तो हॉप्समधल्या उडनशील तेलांचा. तो जपायला बिअर थंड झाल्यावर पुन्हा कोरडे हॉप्स घालतात. ही तेलं उष्णतेत आणि उरल्यासुरल्या ऑक्सिजनमुळे विरत जातात आणि पुठ्ठ्याचा वास वर येतो. लागरमध्येही हे होतं, पण तिच्यात हरवण्यासारखं फार नसतं.

गंमत म्हणजे आयपीए, म्हणजेच इंडिया पेल एल, हे नाव आपल्यावरून पडलं. लंडन आणि बर्टनहून जहाजाने महिनोन्‌महिने प्रवास करून ती इकडे यायची, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त. आमच्या शेजारची कामठीची ब्रिटिश छावणी 1821 सालची. साध्या गोऱ्या शिपायांच्या वाट्याला बहुतेक पोर्टर ही काळपट बिअर, पेल एल साहेबांच्या टेबलावर. पण ते हॉप्स बिअर आंबू नये म्हणून होते. संत्र्याच्या सालीच्या वासासाठीची ही अमेरिकी तऱ्हा खूप अलीकडची. पहिली डबल आयपीए म्हणून श्रेय दिलं जातं ते 1994 साली कॅलिफोर्नियात विनी सिलुर्झो यांनी ब्लाइंड पिग ब्रुअरीत केलेल्या बिअरला. पुढे त्यांनी रशियन रिव्हर ब्रुअरीत केलेल्या प्लिनी द एल्डर या डबल आयपीएच्या बाटलीवर तर थंड ठेवा, ताजी प्या, साठवू नका अशी तंबीच छापलेली असते.

सुरुवातीला मी सगळा राग ब्रुअरीवर काढला. मेल लिहिला, उत्तर आलं की कृपया उत्पादन थंड व कोरड्या जागी ठेवावे. थंड व कोरडी जागा, नागपुरात, मे महिन्यात! मग एक गोष्ट करून पाहिली. फेब्रुवारीत घेतलेला एक कॅन घरच्या फ्रिजमध्ये भाज्यांच्या मागे पडून होता. तळाची तारीख दुकानातल्या कॅनच्या तारखेशी जुळली. साळ्याला डोळे मिटायला लावून दोन्ही पाजले. घरचा कॅन थोडा मवाळ झाला होता, पण संत्री होती, राळ होती. दुसऱ्याला त्याने तोंडच वाकडं केलं. तेव्हा बिअर बनवणाऱ्यांबद्दलचं माझं मत बदललं. अर्धंच. कारण अशा मालावर सहा महिन्यांची मुदत त्यांनीच छापली आहे, तारीख तळाला इतक्या फिक्या शाईत की मोबाइलची टॉर्च लागते, आणि दुकानदाराला फ्रिज चालू ठेव हे सांगायचं काम त्यांचंच.

खाण्याचं थोडक्यात. सावजीबरोबर घेऊ नका. सगळे म्हणतात झणझणीत रश्श्यावर बिअर, पण अल्कोहोलने तिखटाची आग वाढते आणि वर हा कडूपणा; घसा नुसता पेटतो. सांबारवडी (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) मात्र झकास. गोळाभातावर तेल सढळ असलं तर तोही. तेल-बेसन कडूपणाला धरून ठेवतं, जीभ धुऊन निघते. संत्रा बर्फीबरोबर चांगली लागेल असं वाटलं होतं, नाही लागली.

आणि जोर. "बिअरच तर आहे" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: 500 मिलीच्या 8 टक्क्यांत 40 मिली शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलीच्या पेगात साधारण 26. म्हणजे एक कॅन हा दीड लार्जच्या वर जातो, आणि माल्टच्या गोडव्यामुळे हे उठेपर्यंत कळत नाही. दुसरा उघडला की सकाळ गेली. गाडी चालवायची असेल तर पहिलाही नको. पैशाच्या दृष्टीने हे सोयीचंच, एकात काम भागतं.

सध्या खरेदी बंद. दिवाळीच्या आसपास नवा माल आला की आधी कॅन उलटा करून तारीख, महिन्याच्या आतली असेल तरच. आणि पहिला प्रश्न किमतीचा विचारणार नाही, फ्रिज रात्री चालू असतो का एवढंच. तसं दुकान सदर, धरमपेठ, वर्धा रोड कुठेही कुणाला माहीत असेल तर सांगा, दहा रुपये जास्त द्यायला तयार आहे. वीस नाही.